पाळीआधीचे ते दिवस

शहापूर-मुरबाडकडे भातलावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून काम. त्यातच पाळी चार-आठ दिवसांवर आलेली असली, की पोट फुगतं, छाती दुखते, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच चिडका." हा स्वभाव नव्हे! बीज सुटल्यावर शरीरातली संप्रेरकं चढतात-उतरतात, त्याचा हा परिणाम. पाळी सुरू झाली की बहुधा ओसरतो. दोन-तीन महिने कॅलेंडरवर त्रासाच्या आणि पाळीच्या खुणा करा, म्हणजे दोन्हींचा मेळ दिसेल. पुरेशी झोप, मीठ-चहा कमी, याने बऱ्याच जणींना उतार पडतो. पण जगणंच नकोसं वाटत असेल, तर पाळी येण्याची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, शहापूरच्या किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात लगेच जा. यावर उपचार आहेत.