ओतीव नाणी आणि गावाची भाषा



इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात मध्य इटलीत काशाची जड नाणी साच्यात ओतत. रोमच्या 'अस' नाण्यावर द्विमुखी जानुस व गलबताची नाळ असे. 'अस'चे 12 भाग. 4 ठिपके म्हणजे तृतीयांश, 3 म्हणजे चतुर्थांश. निरक्षरालाही किंमत बोटाने चाचपून कळे.

गावाचे नाव मात्र काहींनी आपल्या भाषेत घातले. वोल्तेर्राने एत्रुस्कनमध्ये 'वेलाथ्री', तोडीने उंब्रियनमध्ये 'तुतेरे'. पुढे रोमचे नाणे सर्वत्र चालले, लॅटिन पसरली आणि या भाषा मावळल्या.

तरी उंब्रियनची वाक्ये आज वाचता येतात, ती मुख्यतः गुब्बिओच्या 7 कांस्यपत्रांमुळे. त्यांवर गावाचे धर्मविधी सविस्तर लिहिले आहेत. नाण्याने नाव राखले, भाषा राखली ती लिखाणाने. महाराष्ट्राबाहेरच्या आपण मराठीजनांनी पाटीवरच्या नावावर समाधान मानू नये. आपले व्यवहारही मराठीत लिहावेत.