लहान शब्द आणि मोठे घोटाळे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षकाने काय बोलावे, हा प्रश्न मला पडला होता. तो कार्यवाहांनी सोडवला. मुलांना सतावणाऱ्या, सारख्या दिसणाऱ्या लहान इंग्रजी शब्दांविषयी बोला, म्हणाले, पालकही ऐकतील. मी होकार दिला, परंतु आरंभ मात्र इंग्रजीपासून करणार नाही. आमच्या घरातील एका पोस्टकार्डापासून करणार आहे.

सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या काकांसाठी कुंभकोणम येथील एक स्थळ आले होते. मुलगी पाहून आत्याने पत्र पाठवले. भाषा मराठी, अक्षरे तमिळ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पत्रव्यवहाराची हीच रीत होती. मजकूर थोडका: मुलगी पाहिली, उंच, सावळी, गोड. आता तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एक अक्षर आणि ट, ड यांनाही एकच. आजोबांनी शेवटचा शब्द ‘कोड’ असा वाचला. स्थळ दोन महिने अडून राहिले. कोड असते तरी नकार का द्यावा, हे घरात कोणी विचारले नाही, याची मला आज लाज वाटते. पुढे आत्या स्वतः आली तेव्हा उलगडा झाला आणि ती गोड मुलगी माझी काकी झाली.

तमिळ लिपीचा हा दोष नव्हे. तमिळ भाषेला ती पुरेपूर पुरते. अडचण आपली आहे, कारण आपण तिच्यात मराठी भरतो. तिच्यात ‘बाप’ आणि ‘पाप’ एकसारखे दिसतात. ‘गाय’ आणि ‘काय’ही, ‘दार’, ‘तार’ आणि ‘धार’ही. ज्याने हे शब्द आजीच्या तोंडून ऐकले आहेत तो संदर्भाने निभावतो. ज्याने ऐकलेच नाहीत त्याने काय करावे?

हीच चाळणी घेऊन मूल इंग्रजीकडे जाते. ‘पिन’ म्हणजे टाचणी, ‘बिन’ म्हणजे कचऱ्याचा डबा. ‘बॅक’ म्हणजे पाठ, ‘बॅग’ म्हणजे पिशवी. ‘कोट’ अंगात घालायचा, ‘गोट’ म्हणजे बोकड. तमिळ अक्षरांत या जोड्यांतील भेद पुसला जातो. मराठी कान मात्र येथे चुकत नाही, कारण प आणि ब, क आणि ग आपण पाळण्यातच वेगळे केलेले असतात.

पण मराठीनेही फार मिरवू नये. पुण्याकडील आमचे एक आप्त येथे आले असता दुकानात ‘एक पेन द्या’ म्हणाले. ‘ए’ चांगलाच लांबवलेला. तमिळमध्ये दीर्घ ए-काराचा ‘पेन्’ म्हणजे ऊ, डोक्यातली! दुकानदार सज्जन होता, हसून त्याने लेखणी दिली. ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’, ऱ्हस्व ‘ओ’ आणि दीर्घ ‘ओ’ यांना तमिळमध्ये निरनिराळी अक्षरे आहेत. देवनागरीत आपण दोन्हींना एकच मात्रा देतो. त्यामुळे लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’, मिळणे आणि फाटक दोन्ही ‘गेट’, ओले आणि थांबणे दोन्ही ‘वेट’. ‘सेल’चे तर विचारूच नका. विकणे आणि तुरुंगाची कोठडी हे दोन शब्द इंग्रज माणूसही एकसारखेच उच्चारतो. विक्री आणि जहाजाचे शीड यांचेही तसेच. आपण त्या दोन्ही जोड्या एका शब्दात कोंबल्या आहेत. येथे तमिळ कान आपल्या मदतीला येतो.

मोडीची गत तिसरीच. तिच्यात वेलांटी-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नसत. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे दोरा, लिहिणे एकच. इंग्रजीत याच भेदावर जहाजाची मेंढी होते, ‘शिप’ आणि ‘शीप’. ‘फुल’ म्हणजे भरलेले आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख.

म्हणून मला वाटते की तंजावरच्या मराठी माणसाला इंग्रजी अवघड जाण्याचे कारण नाही. एक भाषा जेथे बहिरी तेथे दुसरी ऐकते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांपुढे मात्र दोघींचेही चालत नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवले की ‘व्ही’, ओठांचा चंबू केला की ‘डब्ल्यू’. घरी आरशासमोर करून पाहा. गंमत अशी की सरफोजी महाराजांचे गुरू श्वार्ट्झ हे जर्मन. जर्मन लोक ‘डब्ल्यू’ लिहून ‘व्ह’ म्हणतात आणि ‘व्ही’ लिहून बहुधा ‘फ’! तरीही शिष्याने इंग्रजी उत्तम आत्मसात केली. १७९८ साली गुरू निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्मृतिशिलेसाठी महाराजांनी इंग्रजीत कविता रचली. सरस्वती महालात जॉन्सनचा १७८४ सालचा इंग्रजी शब्दकोश आहे. त्याच महाराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरवला, तो मराठीत आणि देवनागरीत. एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागते असे त्यांना वाटले नाही.

काही शब्दांपुढे कोणताच कान चालत नाही, तेथे डोळ्यांनीच काम करावे लागते. ‘सन’ म्हणजे सूर्य आणि ‘सन’ म्हणजे मुलगा, उच्चार एकच. मुलाच्या ‘सन’मध्ये ‘यू’ऐवजी ‘ओ’ आला, कारण जुन्या हस्तलिखितांत ‘यू’ आणि ‘एन’ शेजारी आले की उभ्या रेघांची दाटी होई आणि वाचणाऱ्याला काहीच उमगत नसे, असे सांगतात. म्हणजे आत्याच्या पोस्टकार्डाची अडचण इंग्रजांनाही आली होती. त्यांनी एक अक्षर बदलून ती भागवली. कर्ज या अर्थी ‘डेट’मधला ‘बी’ उच्चारासाठी नाहीच. लॅटिन मूळ दिसावे म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला. रात्र आणि सरदार दोन्ही ‘नाइट’. सरदारापुढचा ‘के’ मात्र एके काळी खरोखर उच्चारला जाई. मुलांना ही कारणे सांगा. नुसते पाठ करून घेतलेले स्पेलिंग परीक्षेपलीकडे टिकत नाही, हा माझा शाळेतला अनुभव आहे.

ते पोस्टकार्ड काकीने जपून ठेवले होते. आता ते माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मी ते नातवापुढे ठेवले. तो शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतो; मराठी समजते, बोलतो थोडे. त्याने अक्षरे भराभर वाचली, शेवटच्या शब्दापाशी थांबला आणि मला म्हणाला, “आजोबा, मुलगी पाहायला गेले तेव्हा तिने कोट घातला होता?”