नातवंडे न पाहिलेली आजी : सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित मातृवंदना कार्यक्रमातील व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत देणगीदारांची, विश्वस्तांची व कार्यकर्त्यांची नावे फलकावर कोरली जातात. परंतु ज्या आजीने पहाटे उठून पाणी गाळले, सूर्यास्तापूर्वी घरच्यांची ताटे वाढली आणि नातवंडांच्या मुखी णमोकार मंत्र रुजविला, तिचे नाव कोणत्याही फलकावर नसते. १९५०च्या दशकात ट्रॉम्बे-माहुल परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना आली, पुढे खत कारखाना आला आणि दूरदूरच्या गावांतून माणसे नोकरीसाठी येथे आली. चाळीतल्या किंवा वसाहतीतल्या दोन खोल्यांत घर मांडताना धर्म टिकला, तो अशा आजींच्या हातांनी. त्या सर्व आजींचे स्मरण एका चरित्राच्या आधारे करावयाचे, तर दक्षिण महाराष्ट्राच्या मातीतील एका श्राविकेचे नाव प्रथम ओठांवर येते. ते नाव म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सहधर्मचारिणी सौ. लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचे माहेर कुंभोजच्या पाटील घराण्यातले. बाहुबली तीर्थाच्या सान्निध्यातील हे गाव कर्मवीरांचेही जन्मगाव होय. २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव येथेच, आपल्या आजोळी जन्मले. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. सुखवस्तू घरातील ही लेक अंगभर दागिने लेऊन सासरी आली. व्रतवैकल्ये, उपवास व सोवळे-ओवळे यांचे संस्कार तिच्या मनावर बालपणापासून दृढ झालेले होते. पती मात्र वेगळ्या वाटेचे. विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना समाजास अभिमानाची नाही. परंतु ती विसरून लक्ष्मीबाईंच्या त्यागाचे खरे मोल कळणार नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग उभे राहिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत अशी मुले एका पंक्तीला बसत. ज्या काळी सवर्णांच्या पाणवठ्यावर अस्पृश्यास पाऊल ठेवता येत नव्हते, त्या काळातील ही पंगत होती.

श्रोतेहो, या पंगतीमागे कोणाचे हात होते? भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. मुलांचे पोट, त्यांची आजारपणे, त्यांचे रुसवे-फुगवे लक्ष्मीबाईंच्या पदरी पडत. ज्या चुलीजवळ परक्याची सावलीही चालत नसे, ती चूल सर्वांसाठी खुली करणे त्यांना प्रथम सोपे गेले नाही. संस्कार एका दिवसात गळून पडत नसतात. परंतु भुकेल्या लेकराकडे पाहताना त्यांच्यातील श्राविका आणि त्यांच्यातील आई यांच्यात भांडण उरले नाही. सोवळे सुटले, पण अहिंसा सुटली नाही. उलट ती अधिक विस्तारली.

वसतिगृहाची आर्थिक ओढाताण तर नित्याचीच. धान्याचे पैसे चुकते करण्यासाठी एकेक करून अंगावरील दागिने गेले. अखेरीस भाऊराव बाहेरगावी असताना मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडले, ही आठवण महाराष्ट्रात आजही सद्गदित कंठाने सांगितली जाते. सौभाग्यवती स्त्रीने जिवंतपणी मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे त्या काळच्या मनाला विचारावे. अपरिग्रहावर प्रवचने पुष्कळ होतात. मुलांच्या भाकरीसाठी सौभाग्यलेणे देणाऱ्या या स्त्रीने प्रवचन केले नाही, अपरिग्रह करून दाखविला.

जैन शास्त्रात सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील एक वात्सल्य. गाय जशी वासराकडे धावते, तसे साधर्मीकडे मनाने धावावे, असा त्याचा भाव. लक्ष्मीबाईंनी या वात्सल्याची मर्यादा ओलांडली असे कोणी म्हणेल. खरे तर त्यांनी ती रुंदावली. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने श्रावकाला सांगितलेली. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात ही चारही दाने एकाच हाताने दिली गेली. जेवण, आजारपणातील सेवा, शिक्षणाची वाट आणि 'तू कोणाचा?' असा प्रश्न न विचारण्याचे अभय!

१९३० मध्ये, नातवंडे मांडीवर खेळविण्याचे वय येण्यापूर्वीच, लक्ष्मीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. पुढे संस्थेचा वटवृक्ष झाला; १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले; १९५९ मध्ये कर्मवीरांस पद्मभूषण लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. ट्रॉम्बेच्या खाडीपलीकडे, वाशी येथे, कर्मवीरांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. तेथे शिकणाऱ्या मुला-मुलींनी लक्ष्मीबाईंना पाहिलेले नाही. तरी त्या त्यांच्या आजी-पणजीच नव्हेत काय? रक्ताच्या नात्याने आजी होण्यास वय लागते. अन्नाच्या नात्याने आजी होण्यास केवळ अंतःकरण लागते.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी घरातील वृद्ध मातांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होत आहे, हे योग्यच आहे. परंतु शाल अंगावर घातली म्हणजे ऋण फिटले असे नाही. आजीचे नियम नातवंडांनी पाळावेत, ही अपेक्षा रास्त आहे. त्या नियमांमागची करुणाही त्यांच्यापर्यंत पोहोचावी, ही अपेक्षा त्याहून मोठी आहे. गाळलेले पाणी जीवदयेसाठी असते. ते तहानलेल्याला नाकारले, तर गाळण्याचे प्रयोजनच उरत नाही. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी, एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाचे जेवण, एखाद्या एकाकी वृद्धेची विचारपूस या नित्यकर्माचा भाग झाल्या, तर तोच या सर्व आजींचा खरा सत्कार ठरेल.

त्यागमूर्ती लक्ष्मीबाईंच्या आणि घरोघरीच्या अनाम आजींच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!