पंचवीस फेऱ्या



माझ्या मुलामुलींनो, आत्ता बक्षिसं देताना पळण्याच्या शर्यतींत पावरा, वसावे, पाडवी अशी आपली आदिवासी नावं एकामागून एक आली आणि माझा ऊर भरून आला. मीही शिरपूरकडच्या पाड्यावरून आश्रमशाळेत आलेला. जिल्हा स्पर्धेत पहिला आलो, तेव्हा एक पंच शेजाऱ्याला म्हणाले, "जंगलातली पोरं ही, पळणं यांच्या रक्तातच. यांना बूट कशाला?" लोक हसले. मुरमावर सोललेले माझे तळपाय कुणी पाहिले नाहीत. ऐकायला ते कौतुक वाटतं, पण आमच्या वर्षभराच्या सरावाच्या पहाटा त्यात पुसल्या जातात.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत लहानपणी दुरून पाणी आणायच्या, सुरुवातीला पळाल्याही अनवाणीच. पुढे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे घाम गाळला. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य. ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या राष्ट्रकुलमधल्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पहिल्या आलेल्या भारताच्याच प्रीजा श्रीधरन सेकंदभराच्याही आत पुढे होत्या. १० हजार मीटर म्हणजे मैदानाच्या २५ फेऱ्या! अठराव्या फेरीला छाती फुटायला येते, तेव्हा रक्त नाही, सराव पळवतो.

अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासी जमातीतले धावपटू बिली मिल्स यांना एकदा अव्वल धावपटूंच्या फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं होतं, कातडी काळी म्हणून. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटरचंच सुवर्ण त्यांनी जिंकलं. नंतर त्यांनी संस्था उभी केली. तिचं काम बघा: आदिवासी वस्त्यांना पिण्याचं पाणी, चांगलं अन्न, मुलांचं आरोग्य.

ते काम आपल्याकडेही हवंय. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यामुळे पोरीला थकवा आला, सांधे दुखले की घरचे तिला कामचुकार म्हणतात. तसं म्हणू नका. सरावाआधी रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. आजार निघाला तर डॉक्टरांना विचारूनच पळायचं, पाणी भरपूर प्यायचं. आणि पाड्यावर परत जाल तेव्हा आईला, धाकट्या भावंडांनाही तपासायला घेऊन जा.

शाल-श्रीफळ मी घेतो. मानधनाचं पाकीट मात्र तुमच्या क्रीडाशिक्षकांकडे दिलंय, बुटांसाठी. पायांची मापं उद्याच लिहून द्या. पाय वाढताहेत म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, मापाचेच घ्या.