पडद्यापुढचे एक वर्ष



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘२०२४ साली पाहिलेले सिनेमे’ असे कळवून टाकले. त्यावर त्यांचा फोन आला. किमान वेतनावर बोलणार नाही काय, असे त्यांनी जरा भीतभीतच विचारले. किमान वेतनावर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतो आणि ऐकणारे निम्म्यातून उठून जातात. सिनेमावर बोलताना निदान तसे होणार नाही, ही आमची आशा.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातले, तुरुंगातले आणि एस.टी.च्या बाकावरचे. चित्रपटकलेचा आमचा अभ्यास नाही. तरी एक नाते सांगून ठेवतो. जव्हारहून नाशिकला जायचे तर मोखाडा सोडल्यावर गाडी त्र्यंबकवरून जाते. त्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके जन्मले, आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. हिंदुस्थानातला सिनेमा आमच्या घाटावरच्या शेजाऱ्याने काढला, आणि आम्ही मात्र सिनेमा पाहायला त्याच्या गावावरून पुढे नाशिकला जातो.

आता एक कबुली. तरुणपणी आम्ही सिनेमाचे वैरी होतो. त्याचे कारण घडले वीटभट्टीवर. दिवाळी झाली की आपल्या दोन्ही तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातात, हे आपणांस सांगायला नको. या मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी जण तिथेच रांगायला शिकले. नव्वदीच्या सुमारास एका भट्टीवर मालकाने भाड्याचा व्हिडिओ आणला होता. आम्ही त्याच रात्री सभा ठेवलेली. आम्ही गेलो, सरळ वायर उपसली आणि उचल, हजारी दर, मुकादमाची लबाडी यांवर तासभर बोललो. समोर पाचजण उरले, त्यांतले दोघे झोपलेले. हंगाम संपताना हिशेब झाला, तेव्हा व्हिडिओचे भाडे मालकाने मजुरांच्याच खात्यात लावल्याचे दिसले. म्हणजे आमचा राग अगदीच चुकीचा नव्हता. पण आम्ही राग काढला तो पडद्यावर, आणि वही मालकाच्या हाती तशीच राहू दिली. लोकांनी पैसे भरलेला खेळ आम्ही बंद पाडला होता. ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला तीस-पस्तीस वर्षे लागली.

ध्यानात आणून दिले ‘मंथन’ने. श्याम बेनेगलांचा १९७६ सालचा हा चित्रपट डागडुजी करून २०२४च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात दाखवला गेला आणि १ व २ जूनला आपल्याकडे निवडक चित्रपटगृहांत पुन्हा लागला. जूनच्या तोंडावर भट्ट्यांचे हिशेब होतात, म्हणून आम्ही तिकडेच होतो. एक दिवस काढून मुंबई गाठली. चित्रपटासाठी गुजरातमधल्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी माणशी दोन रुपये दिले होते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दहा लाख रुपये! आम्ही आयुष्यभर वर्गणीची पावती फाडत आलो. दोन रुपये पाच लाख हातांतून गोळा करणे म्हणजे काय, ते आम्हांस विचारा. पडद्यावर त्या शेतकऱ्यांच्या नावाची पाटी आली आणि आमच्या घशाशी काहीतरी आले. शेजारच्या तरुणाने आमच्याकडे वळून पाहिले. त्याला वाटले असेल, म्हाताऱ्याला खोकला आहे.

गोष्ट साधी आहे. गावातला डेअरीवाला मिश्रा कमी भावाने दूध घेतो. सरकारी डॉक्टर राव येऊन सहकारी सोसायटी काढतात. दुधातले स्निग्धांश मोजून त्याप्रमाणे पैसे मिळू लागतात, आणि मग गावातले वरचे आणि खालचे यांची जुंपते. पुस्तकातून वाचलेली सगळी शास्त्रे त्या मोजण्यापुढे आम्हांस फिकी वाटली. आमच्याकडे विटा पाडतो मजूर आणि मोजतो मालकाचा माणूस. जूनमध्ये परत आल्यावर संघटनेच्या खर्चाने लहान वह्या छापल्या. रोज रात्री कुटुंबातल्या शाळेत गेलेल्या पोराने त्या दिवशीच्या विटा त्यात मांडायच्या. काही कुटुंबांनी वही नेमाने भरली, काहींनी तिची पाने चूल पेटवायला वापरली. तेही खरे सांगितले पाहिजे.

‘मंथन’चा शेवट आम्हांस सर्वांत आवडतो. डॉक्टर रावांची बदली होते, ते गाडीत बसून जातात. सोसायटी मात्र भोला आणि त्याचे लोक पुढे चालवतात. बाहेरून आलेला पुढारी निघून जातो आणि काम उरते, असे दाखवायला धैर्य लागते. आमच्या चळवळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हा चित्रपट दोनदा दाखवला पाहिजे, आणि आम्हांलाही. बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी वारले. त्या दिवशी आम्ही मोखाड्यात होतो.

‘पाणी’ ऑक्टोबरमध्ये लागला. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शन केले आणि मुख्य कामही केले. नांदेडकडच्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ही खरी हकीकत: गावाला पाणी नाही म्हणून मुलाला मुलगी मिळेना, तेव्हा हा गडी गावालाच पाण्याच्या कामाला लावतो. चित्र नीटनेटके आहे, मनाला भिडते. आमच्याबरोबर खोडाळ्याकडच्या दोन भगिनी होत्या. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका दिसल्या तेव्हा त्या पडद्याशी बोलल्यासारख्या पुटपुटू लागल्या. पण आमची एक तक्रार आहे आणि ती दिग्दर्शकाविरुद्ध नाही. मराठवाड्यात मेघच रुसतो. मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ उभे आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. श्रमदानाने चर खणता येतात. ते खणले पाहिजेत. पण फावडे घेऊन धरणाच्या वाटणीचा हिशेब कसा मांडायचा? त्या गोष्टीवरचा सिनेमा अजून कुणी काढलेला आम्ही पाहिला नाही.

‘लापता लेडीज’ सर्वांना आवडला, आम्हांलाही आवडला. घुंगटामुळे आगगाडीत दोन नवऱ्यामुलींची अदलाबदल होते, ही कल्पनाच हसवणारी. आमच्या बायकांना मात्र, ‘तोंड झाकून लगीन करतातच कशाला?’ हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. ‘सत्यशोधक’विषयी आदरापलीकडे फारसे बोलवत नाही, महात्मा फुल्यांचे चरित्र चित्रपटाहून मोठे आहे.

डिसेंबरात ‘पुष्पा’चा दुसरा भाग आला आणि पाड्यावरची पोरे जीप करून नाशिकला निघाली. आम्हीही मागच्या बाकावर बसलो. त्या वर्षी रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. तिकीट, भाडे आणि वडापाव मिळून दोन दिवसांची मजुरी गेली. पोरे खूष. रक्तचंदन तोडणारा कुली चोरट्या व्यापाराचा धनी होतो, पोलिसांना नमवतो. जंगलात कूप तोडणाऱ्यांच्या नातवांना हे पाहून छाती फुगल्यासारखे वाटले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परतताना जीपमध्ये आम्ही एवढेच विचारले, की पुष्पा मालक झाला, पण त्याच्याबरोबरचे बाकीचे कुली कुठे गेले? एकजण म्हणाला, “भाऊ, तू सिनेमालासुद्धा युनियन करशील.” सगळे हसले, आम्हीही हसलो. घाट उतरल्यावर मागून दुसऱ्याने हळूच म्हटले, की ते कुलीच राहिले असणार.

पाड्यावर आम्ही स्वतःही एक खेळ केला. माणशी दहा रुपये काढले, लहान प्रोजेक्टर भाड्याने आणला आणि जिथे बोहाडा होतो त्या अंगणात चादर बांधली. लावला डॉ. जब्बार पटेलांचा १९७७चा ‘जैत रे जैत’. ठाकरांची गोष्ट, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे. बोहाड्यात सोंगे नाचवणारे लोक फार जाणते प्रेक्षक असतात. रावणाच्या मुखवट्याआड कुणाचा पोर आहे हे ज्यांना पावलांवरून कळते, त्यांना नटाने ढोल कसा धरला आहे ते लगेच दिसते. ढोलावर बरीच टीका झाली. लुगडे नेसण्यावर त्याहून जास्त झाली. मात्र शेवटी माशांच्या दंशाने चिंधी मरते तेव्हा अंगणात चिडीचूप. मध काढण्यात हयात गेलेले एक आजोबा होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बाईला तिथे न्यायची नव्हती.” चादर सोडली तरी ते बसूनच होते. याहून मोठे परीक्षण आम्ही वर्तमानपत्रात वाचलेले नाही.

आता आमचा वर्षातला सर्वांत आवडता. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानला ग्रां प्री हा सन्मान मिळवला, तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. आपल्याकडे तो २२ नोव्हेंबरला लागला. कामानिमित्त मुंबईस गेलो होतो, बरोबर संघटनेच्या दोघी होत्या, त्यांना घेऊन गेलो. अर्धे बोलणे मल्याळी. आम्हांस धास्ती, की या कंटाळतील. गोष्ट मुंबईच्या रुग्णालयातल्या दोन परिचारिकांची आणि तिथे स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची. पार्वतीचे काम छाया कदम यांनी केले आहे. नवरा गेलेला, वर्षानुवर्षे राहते ती खोली बिल्डर पाडणार, आणि खोली आपली म्हणायला तिच्याजवळ कागद नाही. शेवटी ती गाठोडे बांधून रत्नागिरीकडच्या गावी परतते. जाण्याआधी रात्री मैत्रिणीसह बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारते. आमच्या शेजारची बाई तेव्हा खुर्चीत पुढे सरकली आणि मोठ्याने म्हणाली, “आणखी एक मार!” पुढच्या रांगेतले लोक वळले. आम्ही तिला गप्प केले नाही. एकदा वायर उपसली तेवढी पुरे.

बाहेर आल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. स्टेशनवर चहा घेताना म्हणाली, “भाऊ, तिच्यापाशी कागद नव्हता. माझ्यापाशी पण नाही.” तिचा वनपट्ट्याचा दावा पुरावा नाही म्हणून फेटाळला गेला होता. २००६च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. आम्ही तिचे जुने कागद शोधत बसलो होतो, आणि कागद तर मुळात कधी झालेच नव्हते. मग ती म्हणाली, “त्या सिनेमातल्या बाईच्या चाळीत कुणी म्हातारे नव्हते काय? त्यांना विचारायचे ना.” आम्ही चहाचा कप खाली ठेवला. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून धरता येते, हे त्या कायद्याच्या नियमांतच लिहिले आहे. तो नियम आम्ही शिबिरांतून शंभर वेळा वाचून दाखवला असेल. तिच्या दाव्याला मात्र तो जोडायचे आम्हांस सुचले नव्हते.

डिसेंबरात पाड्यावर बसून तीन वृद्धांची निवेदने लिहून घेतली. एका आजींनी तिच्या सासऱ्याने नाचणी कुठे पेरली, कुठल्या आंब्याखाली बैल मेला, सगळे सांगितले. दोन पाने भरली. अंगठे घेतले, ग्रामसभेत वाचले, अपील पुढे पाठवले. अजून निकाल नाही. परवा ती भेटली, तेव्हा अपिलाचे विचारीलच म्हणून आम्ही उत्तर तयार ठेवले होते. तिने विचारले, गावी गेल्यावर त्या पार्वतीला काम मिळाले का.