प्रतिस्पर्ध्याचे वाक्य



दशावतारातील नट संहितेवाचून बोलतात, हे आपणांस नवे नाही. परंतु त्यांना कथा ठाऊक असते आणि एकमेकांची सवयही असते. ज्यांची आजवर गाठही पडली नाही, अशा दोन देशांच्या नटांनी आयत्या वेळी एकच प्रसंग कसा उभा करावा?

कॅनडातील माँट्रियल शहरी १९७७ साली रॉबेर ग्रावेल आणि इव्हाँ लेद्युक यांनी उत्स्फूर्त नाट्याला बर्फावरील हॉकीचे रूप दिले. कठड्याचे रिंगण, दोन संघ, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला पंच! पंच विषय वाचतो, विचाराला काही क्षणच मिळतात, आणि शेवटी प्रेक्षक रंगीत पत्ते उंचावून कौल देतात. पुढे हा खेळ फ्रान्स, बेल्जम, स्वित्झर्लंड येथे पोहोचला आणि देशोदेशींच्या संघांचे सामने होऊ लागले.

यातले काही डाव 'मिश्र' असतात. त्यांत प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एकच प्रसंग रंगवायचा. समोरच्याने आपणांस 'बाबा' म्हटले की आपण बाबा झालो! ती भूमिका नाकारली तर पंच दोष लावतो. म्हणजे जिंकायचे त्याच्यावर, पण त्याचे म्हणणे स्वीकारल्यावाचून एक पाऊलही पुढे पडत नाही.

आम्हांला या देवघेवीचे मोल इथेच दिसते. आम्ही सभांतून हिरिरीने वाद घालतो. पण उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे वाक्य पुरते ऐकतो काय? हा प्रश्न आम्ही प्रथम आमच्याच मनाला विचारला आहे. आपणही विचारून पाहावा, एवढीच विनंती.