माझगावचा चिनी देव्हारा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



गिरगाव, परळ, लालबाग या परिसरात वाढलेल्या माणसाला देवाचा जन्मोत्सव समजावून सांगावा लागत नाही. रामनवमीचा पाळणा आणि गोकुळाष्टमीची हंडी पाहतच इथली मुले मोठी होतात. मात्र लालबागपासून फार दूर नसलेल्या माझगावात आणखी एका देवाचा जन्मदिवस पाळला जातो, याची वार्ता थोड्यांनाच असते. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ, नवाब टँक मार्गावर, 'सी यूप कून' हे दुमजली चिनी मंदिर १९१९ सालापासून उभे आहे.

'सी यूप' म्हणजे चार परगणे आणि 'कून' म्हणजे सभागृह. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील चार शेजारी परगण्यांतून जे खलाशी या बंदरात आले, त्यांनी ही वास्तू उभारली. कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या चाकरमान्यांनी लालबाग-परळच्या चाळींत गावमंडळाच्या खोल्या केल्या, भजनी मंडळे काढली, त्याच जातीचा हा उद्योग. फरक इतकाच की, चाकरमानी शिमग्याला गावच्या पालखीसाठी घरी जाऊ शके. खलाशाला ते शक्य नव्हते, म्हणून त्याने देवच इकडे आणला.

वरच्या मजल्यावर क्वान कुंग विराजमान आहे. हा मूळचा मर्त्य मानव. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी चीनची तीन राज्यांत फाळणी होत असता तो लढला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. लाल चेहरा, लांब दाढी, हाती लांब दांड्याचे खड्ग, असे त्याचे रूप आहे. प्रतिपक्षाने मानमरातब देऊ केला तरी तो आपल्या बंधुतुल्य स्वामीकडे परतला, ही त्याची कीर्तिकथा. दिलेला शब्द पाळणारा म्हणून व्यापारी त्याला भजतात, शूर म्हणून सैनिक भजतात.

त्याचा जन्मदिवस सहाव्या चांद्रमासाच्या चोविसाव्या दिवशी येतो. चिनी महिना आपल्याप्रमाणेच अमावास्येला पालटतो आणि तिकडेही अधिक मास धरतात. त्यामुळे बहुतेक वर्षी हा दिवस आषाढ वद्य अष्टमी-नवमीच्या आसपास पडतो. आषाढी वारी आटोपून वारकरी घरी परतत असतात तेव्हा. फळे, मिठाई, चहाचे पेले देवापुढे मांडतात, उदबत्त्यांचे जुडगे लावतात, कागदाच्या नोटा पूर्वजांच्या नावे अग्नीत अर्पितात. मनातला प्रश्न धरून बांबूच्या नळीतील काड्या हलवायच्या आणि जी काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकाप्रमाणे देवाचे उत्तर वाचायचे, ही प्रथा पाहताना कोकणातील माणसाला ग्रामदेवतेला लावलेला कौल आठवेल.

परंतु खरे आश्चर्य तळमजल्यावर आहे. तिथे क्वान यिन ही करुणेची देवता आहे आणि ती मूळची आपल्याकडची आहे. भारतातील बोधिसत्त्व अवलोकितेश्वर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले. त्यात या बोधिसत्त्वाचे नाव 'जगाचा आक्रोश ऐकणारा' अशा अर्थाचे आहे. पुढे काही शतकांत चिनी भक्तांनी त्याला मातृरूप दिले. जहाज बुडू लागले असता त्याचा धावा करावा, असे त्या सूत्रातच म्हटले आहे. संकटातून तारणारा हाच अवलोकितेश्वर कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तर आठ संकटांच्या शिल्पपटात फुटणारे जहाजही दिसते. माझगावच्या खलाशांनी समुद्राच्या भयाने जिला हाक मारली, ती देवता मुंबईच्या डोंगरात तेरा-चौदा शतके आधीच वसलेली होती.

आता एक अवघड प्रकरण. १९६२ साली चीनने आक्रमण केले. रेझांग-लाच्या वीरांचे विस्मरण या देशाला कधीही परवडणार नाही. पण त्याच वेळी परकीयांवरचे निर्बंध इथेच जन्मलेल्या चिनी वंशाच्या लोकांनाही लागू झाले. प्रामुख्याने आसाम-बंगालमधील सुमारे ३,००० जणांना राजस्थानातील देवली येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांतील शेवटचे १९६७ मध्ये सुटले. मुंबईतील अनेक चिनी कुटुंबेही पुढे परदेशी निघून गेली. पेकिंगच्या सत्तेचा अपराध शेजारच्या दंतवैद्याच्या वा हॉटेलवाल्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १९६६ पासून दहा वर्षे चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या नावाने मंदिरे फोडली गेली, मूर्ती भंगल्या. क्वान कुंगला त्याच्या जन्मभूमीत थारा उरला नव्हता, त्या काळात माझगावात त्याचे देऊळ उभे होते. ही या भूमीची रीत आहे. मात्र रीत राखायची तर ती माणसांच्या वाट्यालाही यावी लागते. देवाला जागा दिली आणि भक्ताकडे संशयाने पाहिले, तर ते आतिथ्य अर्धेच राहते.

आज या मंदिराचे भक्त मोजके उरले आहेत. चिनी नववर्षाला गर्दी होते, छायाचित्रे निघतात. जन्मदिवसाला आणि एरवी घरातलीच माणसे दिवा लावतात. आषाढात गावची आठवण काढणाऱ्या लालबाग-परळकरांनी एकदा हा जिना चढावा. पादत्राणे खाली काढावीत, उदबत्ती लावावी आणि दिवा लावणाऱ्याची चार शब्दांनी विचारपूस करावी. शेजारधर्माला एवढे पुरते.